त्या लॅपटॉपला सदोष म्हणू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत डिचोली तालुक्यातल्या एका पालकांचे पत्र वाचले. मुलीसाठी घेतलेला नवा लॅपटॉप सदोष निघाला, अशी त्यांची तक्रार होती. शाळेने घ्यायला लावलेले सराव-सॉफ्टवेअर त्यावर बसतच नाही. दुकानदार म्हणतो मशीन चांगली आहे, सॉफ्टवेअरवाले म्हणतात मशीन बदला. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले होते की, आपल्याच हातून काहीतरी बिघडले असे समजून मुलगी दोन दिवस नीट जेवली नाही. ते वाक्य वाचून मी हे पत्र लिहायला घेतले. त्या मुलीला आधी सांगते: बाळ, तुझ्या हातून काहीही बिघडलेले नाही. आणि बहुधा लॅपटॉपमध्येही काही दोष नाही.

मी २६ वर्षे सत्तरी आणि फोंडा तालुक्यांतल्या शाळांत संगणक शिकवला. निवृत्तीनंतर माशेलच्या आमच्या ग्रंथालयाचे काम पाहते. पुस्तकांची देवघेव नोंदवणारा एक छोटा प्रोग्राम मी स्वतः लिहिला आहे. तो आता आणखी चार ग्रंथालयांत आणि दोन शाळांत चालतो. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मी भोगल्या आहेत. दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरपुढे मी अडले आहे, आणि माझ्या प्रोग्राममुळे दुसरेही अडले आहेत.

मे महिन्यात माझ्यासमोर असेच घडले. माझा एक जुना विद्यार्थी धाकट्या बहिणीचा लॅपटॉप घेऊन ग्रंथालयात आला. 'टीचर, हें सुरूच जायना,' म्हणाला. पडद्यावर संदेश होता: 'तुमचा संगणक ३२-बिट आहे. कृपया ६४-बिट संगणक वापरा.' (बिटचा हा आकडा म्हणजे प्रोसेसर एका वेळी किती मोठा आकडा हाताळतो ते; ३२-बिट ही जुनी पिढी.) दोन महिन्यांपूर्वी घेतलेला, १६ जीबी मेमरीचा लॅपटॉप ३२-बिट असेल यावर माझा विश्वास बसेना. सेटिंग्ज, त्यात सिस्टम, त्यात अबाउट असे उघडले. 'सिस्टम टाइप' या ओळीत स्वच्छ लिहिले होते: ६४-बिट ऑपरेटिंग सिस्टम, एआरएम-बेस्ड प्रोसेसर. मग इन्स्टॉलरच्या, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणाऱ्या प्रोग्रामच्या, फोल्डरमध्ये एक बॅच फाइल (आज्ञांची साधी यादी) दिसली, ती नोटपॅडमध्ये उघडली. सगळा घोळ एका ओळीत होता. विंडोज प्रत्येक प्रोग्रामला 'प्रोसेसर_आर्किटेक्चर' या नावाखाली एक शब्द देते. त्या ओळीचा अर्थ असा: हा शब्द 'एएमडी६४' असेल तर पुढे जा, नसेल तर संगणक ३२-बिट आहे असे सांगून थांब. 'एएमडी६४' म्हणजे इंटेल किंवा एएमडी कंपनीचा ६४-बिट प्रोसेसर. या लॅपटॉपवर तो शब्द होता 'एआरएम६४', म्हणजे मोबाइलमध्ये असतो त्या जातीचा, पण ६४-बिटच.

ज्याने ही ओळ लिहिली त्याच्या पाहण्यात तेव्हा दोनच प्रकारच्या विंडोज मशिनी असणार, एक ६४-बिटची आणि एक जुनी ३२-बिटची. म्हणून एक नसेल तर दुसरी, असे त्याने धरले. तिसरा प्रकार समोर आला तेव्हा प्रोग्रामने 'मला हे यंत्र ओळखता आले नाही' असे म्हणायला हवे होते. त्याऐवजी त्याने एका मुलीच्या घरी खोटे सांगितले.

मी तपासणीची ओळ टाळून मूळ प्रोग्राम थेट सुरू केला. धडे उघडले, प्रश्नसंच उघडले, आवाजही आला. इंटेल-एएमडीसाठी तयार केलेले प्रोग्राम एआरएमवर चालवणारा एक दुभाष्या विंडोज ११ मध्येच आहे, त्याने आपले काम केले. अडले ते एकाच ठिकाणी. परीक्षेच्या वेळी बाकीच्या खिडक्या बंद ठेवणारा जो ड्रायव्हर असतो, तो बसेना. ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या, आत काम करतो. तिथे दुभाष्या पोचत नाही, तो एआरएमसाठीच तयार केलेला लागतो. म्हणजे खरे उत्तर होते: 'सराव चालेल, परीक्षा या लॅपटॉपवर देता येणार नाही.' एवढे वाक्य पडद्यावर आले असते तर त्या घराने दुकानाच्या तीन फेऱ्या मारल्या नसत्या. परीक्षेपुरता शाळेतला संगणक मागून घेतला असता आणि सराव घरी सुरू ठेवला असता.

आता ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी. प्रोसेसरच्या आर्किटेक्चरला मी वर्गात 'घराणे' म्हणत असे. प्रत्येक घराण्याच्या आज्ञा वेगळ्या आणि त्या आज्ञांचे आकडेही वेगळे. प्रोग्राम शेवटी अशा आकड्यांची रांग असतो. जी रांग एका घराण्याला बेरीज वाटते, तिचा दुसऱ्या घराण्यात काही अर्थच लागत नाही. आपल्या घरातल्या बहुतेक डेस्कटॉपांचे घराणे इंटेलच्या १९७८ च्या ८०८६ या चिपपासून सुरू होते, म्हणून त्याला एक्स८६ म्हणतात. आपल्या खिशातल्या मोबाइलचे घराणे एआरएम. त्याची पहिली चिप १९८५ साली इंग्लंडात केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत झाली. जून २०२४ पासून याच दुसऱ्या घराण्यातले, स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप दुकानांत दिसू लागले. बॅटरी बराच वेळ टिकते म्हणून पालक ते आवडीने घेतात. त्यात त्यांची काही चूक नाही.

गोव्यात हे समजावून सांगणे मला नेहमीच सोपे गेले. आपल्याकडे कितीतरी घरांच्या पेटीत १९६१ च्या आधीची जमिनीची कागदपत्रे पोर्तुगीजमध्ये आहेत. जमीन तीच, कूळ तेच, शिक्का खरा. समोरच्या कारकुनाला पोर्तुगीज येत नसेल तर तो कागद खोटा ठरवत नाही, 'हे पोर्तुगीजमध्ये आहे, भाषांतर करून आणा' म्हणतो. कागद कोणत्या भाषेत आहे हे त्याला पहिल्या ओळीवरून कळते, आणि आपल्याला ती येत नाही हेही तो सांगतो. सॉफ्टवेअरकडून माझी मागणी याहून मोठी नाही.

पण ओळखायचे म्हटले तर नावांचाच गोंधळ फार आहे, आणि तो मला स्वतःला महागात पडला. विसाव्या शतकाच्या अखेरीस इंटेलने एचपीबरोबर ६४-बिटसाठी एक अगदी नवे घराणे काढले, इटेनियम. त्याचे नाव आयए-६४. ते २००१ मध्ये बाजारात आले. एएमडीने मात्र जुनेच एक्स८६ घराणे रुंद करून ६४-बिट केले आणि एप्रिल २००३ मध्ये ऑप्टेरॉन हा प्रोसेसर आणला. जुने प्रोग्राम त्यावर जसेच्या तसे धावत, म्हणून लोकांनी तोच मार्ग उचलला, आणि २००४ मध्ये इंटेललाही तो घ्यावा लागला. त्यामुळे इंटेलच्या प्रोसेसरवरसुद्धा विंडोज आजतागायत 'एएमडी६४' असेच उत्तर देते. तेच यंत्र लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टमला विचारले तर उत्तर येते 'एक्स८६_६४'. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत 'एक्स६४'. इंटेल आधी 'ईएम६४टी' म्हणे, पुढे 'इंटेल ६४' म्हणू लागले. जावा ही प्रोग्रामिंगची भाषा तर एकाच प्रश्नाला लिनक्सवर 'एएमडी६४' आणि ॲपलच्या मॅकवर 'एक्स८६_६४' अशी उत्तरे देते. एआरएमच्या ६४-बिट रूपाचेही तेच: मॅक आणि विंडोज 'एआरएम६४' म्हणतात, लिनक्स 'एआर्क६४' म्हणते. घराणे एकच.

२०१० च्या सुमारास माझ्या अकरावीच्या मुलांनी लिनक्सची एक डीव्हीडी रात्रभर डाउनलोड करून आणली. मशीनवर इंटेलचा स्टिकर, प्रोसेसर ६४-बिट, म्हणून त्यांनी यादीतले 'आयए६४' निवडले. ते इटेनियमसाठी होते. एएमडी६४ ही फाइल त्याच यादीत वर होती, पण इंटेलच्या मशीनसाठी एएमडी नावाची फाइल कोण घेईल? मुलांचे तर्कशास्त्र बरोबर होते. चूक नावांत होती. त्या सकाळी त्यांचे चेहरे उतरलेले पाहिले तेव्हाच मला हे नीट शिकून ठेवायला हवे होते.

ते मी शिकले नाही, आणि २०१९ मध्ये तीच चूक माझ्या हातून झाली. ग्रंथालयाचा प्रोग्राम मी पायथॉन या भाषेत, घरच्या लिनक्सवर लिहिला. सुरुवातीला एक तपासणी घातली: पायथॉनला यंत्राचे नाव विचारायचे, 'एक्स८६_६४' आले तर चालू करायचे, नाहीतर 'हा संगणक या प्रोग्रामसाठी योग्य नाही' असे लिहून बंद करायचे. माझ्या घरी उत्तम चालले. एका शाळेच्या प्रयोगशाळेत १२ विंडोज मशिनी होत्या. बाराच्या बारांवर पायथॉनने उत्तर दिले 'एएमडी६४', आणि माझ्या प्रोग्रामने बाराही मशिनी अयोग्य ठरवल्या. मला हे तीन आठवड्यांनी कळले, तेही दुसऱ्याच कामासाठी गेले म्हणून. तोवर मुख्याध्यापिकांनी त्यांतल्या पाच मशिनी मोडीत काढायच्या यादीत घातल्या होत्या. 'तुमच्या प्रोग्रामनेच तसे सांगितले ना, टीचर,' त्या म्हणाल्या. पाच चांगल्या मशिनी. ती यादी वेळेत हाती लागली नसती तर माझ्या एका चुकीच्या शब्दापायी गावातल्या मुलांचे पाच संगणक गेले असते. त्या दिवसापासून पडद्यावरच्या वाक्याला मी फार जपते. लोक त्यावर विश्वास ठेवतात.

त्यानंतर मी सगळी नावे एका तक्त्यात घातली. लहान अक्षरांत करून घ्यायची, आणि एएमडी६४, एक्स८६_६४, एक्स६४ यांना एकच मानायचे; एआरएम६४ आणि एआर्क६४ यांना एकच मानायचे. एवढ्याने भागले असे वाटले होते.

२०२३ च्या जूनमध्ये, माशेलच्या चिखलकाल्याच्या उत्सवाच्या आदल्या आठवड्यात, त्याहून अवघड गोष्ट घडली. आमच्या ग्रंथालयात वाचकांना पुस्तक शोधता यावे म्हणून रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक एका जुन्या मॉनिटरला जोडून ठेवला आहे. माझा प्रोग्राम तिथे स्वतःच अद्ययावत होतो: 'यूनेम -एम' या कमांडने तो कर्नलला घराणे विचारतो आणि उत्तराप्रमाणे योग्य ती तयार फाइल उतरवून घेतो. दोन वर्षे उत्तर येत होते 'एआरएमव्ही७एल', म्हणजे ३२-बिट एआरएम. त्या आठवड्यात प्रोग्राम उघडेना. संदेश काय, तर 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी', अशी फाइलच नाही. फोल्डरमध्ये पाहावे तर फाइल समोर आहे. नाव बरोबर, आकार बरोबर, चालवण्याची परवानगी आहे. पावसाळ्यात मेमरी कार्डे दगा देतात हा इथला अनुभव, म्हणून फोंड्याहून नवे कार्ड आणले. सगळे पुन्हा बसवले. पुन्हा तेच: फाइल नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री 'फाइल' याच नावाची कमांड त्या फाइलवर चालवली आणि उलगडा झाला. उतरलेली फाइल ६४-बिटची होती. नेहमीच्या अपडेटबरोबर त्या छोट्या संगणकाचा कर्नल ६४-बिट झाला होता. प्रोसेसर पहिल्यापासून ६४-बिट आहेच. पण कर्नलच्या वरचे सगळे, म्हणजे लायब्ररी (प्रोग्रामना लागणारे तयार तुकडे), शेल (आज्ञा घेणारा प्रोग्राम), पायथॉन, हे ३२-बिटच राहिले होते. 'यूनेम'ने कर्नलची खरी माहिती दिली: एआर्क६४. माझ्या प्रोग्रामने ती सगळ्या यंत्राची माहिती समजली.

मग 'फाइल नाही' हा संदेश कुठून आला? प्रत्येक तयार प्रोग्रामच्या पोटात एक पत्ता लिहिलेला असतो: मला सुरू करण्याआधी या लोडरला बोलवा. ६४-बिट एआरएमसाठी तो 'एलडी-लिनक्स-एआर्क६४' नावाचा लोडर. आमच्या पायवर फक्त ३२-बिटचा, 'आर्मएचएफ'चा लोडर होता. कर्नलने माझी फाइल उघडली, पत्ता वाचला, त्या पत्त्यावर कोणी सापडले नाही, म्हणून कळवले की फाइल नाही. सापडत नव्हती ती फाइल वेगळी, आणि मी दोन दिवस भलतीच शोधत होते. कर्नल ३२-बिट असता तर निदान 'एक्झेक फॉरमॅट एरर' असा संदेश येऊन घराणे चुकल्याचा सुगावा लागला असता.

इथे मला पहिल्यांदा नीट समजले की 'हा संगणक कोणता' हा एक प्रश्न नसून तीन प्रश्न आहेत. प्रोसेसर कोणत्या घराण्याचा? त्यावर बसवलेली सिस्टम कोणत्या घराण्याची? आणि विचारणारा प्रोग्राम स्वतः कोणत्या घराण्यासाठी तयार झालेला? बहुतेक वेळा तिन्हींची उत्तरे जुळतात, म्हणून आपण एकच विचारून मोकळे होतो. काय बसवायचे हे ठरवताना मात्र दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लागते. डेबियन कुळातल्या लिनक्सवर ते 'डीपीकेजी' या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या कमांडला विचारता येते. आमच्या पायवर त्याने 'आर्मएचएफ' असे अचूक सांगितले असते. इतर लिनक्सवरही चालणारा उपाय मी असा केला: सिस्टमचीच शेल, म्हणजे बिन फोल्डरमधली एसएच ही फाइल उघडायची आणि तिचे पहिले २० बाइट वाचायचे. लिनक्सच्या प्रत्येक तयार प्रोग्रामच्या आरंभी आपले घराणे लिहिलेले असते. पाचव्या बाइटमध्ये १ असेल तर ३२-बिट, २ असेल तर ६४-बिट. एकोणिसाव्या बाइटमध्ये घराण्याचा क्रमांक: ६२ म्हणजे एक्स८६-६४, १८३ म्हणजे ६४-बिट एआरएम, ४० म्हणजे ३२-बिट एआरएम, २४३ म्हणजे रिस्क-५, ज्या घराण्याविषयी पुढे लिहिते. पोर्तुगीज कागदाची पहिली ओळ वाचावी तसे. शेल ही बसवलेल्या सिस्टमचाच भाग असते, म्हणून दोघींचे घराणे सहसा एकच असते. गेल्या दोन पावसाळ्यांत हा उपाय एकदाही चुकला नाही.

तिसऱ्या प्रश्नाचा त्रास दुभाष्यांमुळे होतो. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने एम१ प्रोसेसरचे मॅक आणले आणि इंटेलसाठीचे प्रोग्राम त्यावर चालावेत म्हणून रोझेटा २ दिले. रोझेटाखाली चालणाऱ्या प्रोग्रामने 'मी कुठे आहे' असे विचारले तर उत्तर 'एक्स८६_६४' येते, कारण जुन्या प्रोग्रामला घर बदलल्याचा पत्ता लागू न देणे हेच त्याचे काम. पण तोच प्रोग्राम स्वतःची नवी आवृत्ती उतरवणार असेल, तर तो जन्मभर इंटेलचीच उतरवत राहतो. एका शिक्षिकेच्या मॅकवर माझ्या प्रोग्रामने वर्षभर हेच केले. मॅकवर 'सिससीटीएल डॉट प्रोक_ट्रान्सलेटेड' ही किल्ली १ आहे का ते पाहावे लागते. १ असेल तर आपण दुभाष्याच्या मार्फत बोलत आहोत. विंडोजवर त्यासाठी 'इझवाऊ६४प्रोसेस२' हे फंक्शन आहे; ते दुभाष्याखालूनही यंत्राचे खरे घराणे सांगते. सी भाषेत लिहिणाऱ्या मुलांना एक सांगते: कंपायलरचे मॅक्रो, जीसीसीचा '__एक्स८६_६४__' किंवा मायक्रोसॉफ्टचा '_एम_एक्स६४', हे फक्त तुमचा प्रोग्राम कशासाठी बांधला ते सांगतात. तो आज कोणत्या यंत्रावर चालतो आहे ते त्यांना ठाऊक असण्याची सोयच नाही.

संकेतस्थळावरच्या 'डाउनलोड' बटणाचाही भरवसा धरू नये. एम-मालिकेच्या मॅकवरसुद्धा सफारी आणि क्रोम संकेतस्थळाला 'इंटेल मॅक' असेच कळवतात. क्रोमला वेगळे विचारले तर तो खरे घराणे सांगतो, सफारी सांगत नाही. म्हणून एकच मोठे बटण दाखवून अंदाज बांधण्यापेक्षा दोन बटणे ठेवावीत आणि कोणते कोणासाठी ते मराठीत लिहावे.

हे सगळे आजच लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. तिसरे घराणे दाराशी आहे. रिस्क-५ ची सुरुवात २०१० मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात झाली. ते कोणालाही परवाना-शुल्काशिवाय वापरता येते. आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅक या सरकारी संस्थेचा 'वेगा' हे आपल्या देशातले प्रोसेसर याच घराण्याचे आहेत, आणि एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी डीआयआर-व्ही (डिजिटल इंडिया रिस्क-५) हा कार्यक्रम जाहीर केला. आपल्या शाळांत आता कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवले जाते. त्या मुलांच्या हातात उद्या शक्ती किंवा वेगाचे बोर्ड येतील. त्या दिवशी 'इंटेल नाही म्हणजे एआरएम' असे लिहिलेला प्रत्येक प्रोग्राम पुन्हा खोटे सांगेल. आपल्याच देशातला प्रोसेसर आपल्याच मुलांपुढे 'सदोष' ठरलेला मला पाहवणार नाही.

म्हणून शाळा, ग्रंथालये, पंचायती यांच्यासाठी जे सॉफ्टवेअर घेतात त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. खरेदीच्या अटींत लिहून घ्या की सॉफ्टवेअर कोणत्या घराण्यांवर चालते आणि त्याचा कोणता भाग कुठे चालत नाही, हे पुरवठादाराने आधी कागदावर द्यावे. पालकांना लॅपटॉप घ्यायला सांगण्यापूर्वी तो कागद शाळेच्या फलकावर लावा. चाळीस-पन्नास हजार रुपये उभे करणाऱ्या घराला ते आधी कळायला हवे. स्वीकारण्यापूर्वी एक इंटेल किंवा एएमडीचा आणि एक एआरएमचा, असे दोन लॅपटॉप मागवून शिक्षकांसमोर चालवून बघा. अर्धा दिवस लागतो. आणि अट घाला की यंत्र ओळखता आले नाही तर सॉफ्टवेअरने तसेच सांगावे, आणि यंत्राकडून मिळालेला शब्द जसाच्या तसा पडद्यावर दाखवावा. मदतकेंद्राच्या फोनवर 'एआरएम६४ लिहून आलंय' एवढे जरी मुलीने वाचून दाखवले असते, तरी पलीकडच्या माणसाला मशीन बदला म्हणावे लागले नसते.

माझ्या प्रोग्रामचा आताचा संदेश असा आहे: 'या संगणकाने आपले घराणे अमुक असे सांगितले. या घराण्यासाठी हा प्रोग्राम अजून तयार केलेला नाही. तुमचा संगणक चांगला आहे. हा संदेश ग्रंथालयाला दाखवा.' तिसरे वाक्य घालायला एका सहकाऱ्याने हरकत घेतली होती, तांत्रिक संदेशात ते शोभत नाही म्हणून. मी ते काढले नाही.

वाचकांना आपले यंत्र घरीच पाहता येईल. विंडोजवर वर सांगितलेली 'सिस्टम टाइप' ही ओळ पाहा: 'एक्स६४-बेस्ड' म्हणजे इंटेल किंवा एएमडी, 'एआरएम-बेस्ड' म्हणजे एआरएम. मॅकवर सफरचंदाच्या मेनूत 'अबाउट धिस मॅक' उघडा; 'चिप' असा शब्द दिसून पुढे ॲपलचे नाव आले तर एआरएम, 'प्रोसेसर' असा शब्द दिसून पुढे इंटेल आले तर एक्स८६. जो शब्द दिसेल तो कागदावर लिहून ठेवा आणि दुकानदाराशी किंवा शाळेशी बोलताना तोच सांगा.

डिचोलीच्या त्या पालकांनी लॅपटॉप परत करण्याची घाई करू नये. आमचे ग्रंथालय रविवारी सकाळी साडेनऊ ते साडेबारा उघडे असते. मुलीलाही बरोबर आणा. बॅच फाइलमधली ती ओळ तिला स्वतःच्या डोळ्यांनी वाचू दे. चार्जर आणि सॉफ्टवेअरची मूळ पेनड्राइव्ह आणायला विसरू नका.

आपली नम्र,
एक निवृत्त संगणक शिक्षिका,
माशेल, फोंडा